पोराला निवासी व्यसनमुक्ती केंद्रात टाकण्याआधी, आत असताना आणि शंका आल्यावर: काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडचे आईबाप भेटतात आणि जवळपास सगळ्यांचा क्रम उलटा झालेला असतो. आधी पैसे भरले, मग पोराला आत सोडलं, आणि दोन महिन्यांनी काहीतरी बिनसल्यावर विचारतात की या केंद्राला परवानगी आहे का हो. आणि आत मारहाण होतेय अशी शंका आली की पहिलं काम काय करतात, तर केंद्रवाल्याला फोन लावून शिव्या देतात. पोरगं अजून त्याच्याच कुलपात आहे आणि तुम्ही त्याला सावध करून ठेवलंत, मग रात्रीतून रजिस्टर बदलतं, अंगावरचे वळ जाईपर्यंत भेट बंद होते, आणि पोराला जे भोगावं लागतं ते वेगळंच. म्हणून हा लेख. यात १८ वर्षांखालच्या पोरापोरींबद्दलच बोललंय, दारू, गांजा, कुत्ता गोळी, सोल्यूशन, मोबाईल, 'फार उद्धट झालाय', कारण काहीही असो.

टप्पा १: आत ठेवायची खरंच गरज आहे का ते डॉक्टरकडून ठरवा, नातेवाईकाकडून नाही

आपल्याकडे होतं असं की पोराने घरात भांडी फेकली, शेजारी चार लोक जमले, कोणीतरी आप्पा-नाना म्हणाले की माझ्या साडूच्या पोराला अमुक ठिकाणी टाकलं होतं, सरळ झाला, आणि त्याच रात्री केंद्राची गाडी बोलावली. गाडीतून चार जण उतरतात, पोराला झोपेतून उचलतात, हात बांधतात आणि नेतात. हे उपचार नाहीत हो. जे केंद्र तपासणीच्या आधी उचलायला येतं, त्याचा पुढचा कारभार कसा असेल ते तिथेच दिसतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये नशेमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. या कायद्याचं कलम ८७ अल्पवयीन पोरांबद्दल आहे आणि ते स्पष्ट आहे: दोन जणांनी पोराला वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ असलाच पाहिजे, तपासणी दाखल करायच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत झालेली पाहिजे, आणि दोघांचंही मत पडलं पाहिजे की त्रास एवढा आहे की भरती केल्याशिवाय भागणार नाही आणि घरी राहून करायचे उपाय करून झालेत किंवा ते लागू पडणारे नाहीत.

म्हणजे क्रम असा. आधी ओपीडी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे मानसोपचार विभागात दाखवा, केसपेपर काढा. लगेच जाणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात, फुकट आहे. नशेसाठी वेगळी हेल्पलाईन आहे १४४४६. बरीचशी पोरं ओपीडी, औषध, समुपदेशन आणि घरातल्यांनी थोडं बदलणं यावर सावरतात. 'थोडं बदलणं' हे आईबापांना रुचत नाही ते माहितीये, पण तेही उपचारातच येतं.

सावधान: दारू रोज पिणारं किंवा झोपेच्या गोळ्या, आपल्याकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात ती, रोज खाणारं पोरगं असेल तर ते एकदम बंद केल्यावर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. म्हणून 'आमच्याकडे औषध नाही, फक्त ध्यान आणि शिस्त' असं सांगणाऱ्या ठिकाणी असं पोरगं अजिबात सोडू नका.

टप्पा २: कागद बघा, आणि योग्य तो कागद बघा

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते. ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम करून सर्टिफिकेटं लावलेली असतात आणि आपण बघून खूश होतो. त्यातलं काय कामाचं आणि काय नाही ते बघा:

- धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्ट किंवा संस्था नोंदणी. याचा अर्थ फक्त संस्था अस्तित्वात आहे एवढाच. पेशंट ठेवायची परवानगी नाही ही.
- शॉप ॲक्ट, उद्यम, आयएसओ, कुठल्यातरी पुरस्काराचा फोटो, आमदारासोबतचा फोटो. उपचाराशी काहीही संबंध नाही.
- मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी. हा कागद पाहिजे. नशेच्या किंवा मानसिक त्रासाच्या पेशंटला राहायला ठेवून उपचार करायचे तर ही नोंदणी लागते, नसेल तर कायद्यात दंड आहे.
- उपचार नाही, फक्त पोरांना 'सांभाळतो, वळण लावतो' असं म्हणत असतील तर त्यांनी शाळा-वसतिगृह म्हणून किंवा बाल न्याय कायदा २०१५ खाली बालकांची संस्था म्हणून कुठे नोंद केलीये ते विचारा. दोन्ही नसेल तर ते ठिकाण नेमकं कोणाच्या देखरेखीखाली आहे? कोणाच्याच नाही.

नोंदणी क्रमांक, कोणाच्या नावावर आहे, कुठल्या पत्त्यासाठी आहे आणि कधीपर्यंत आहे हे चार मुद्दे वहीत लिहून घ्या आणि फोटो काढा. पत्ता मुद्दाम म्हणतोय, कारण नोंदणी शहरातल्या एका बिल्डिंगची आणि पोरं ठेवलीत हायवेवरच्या भलत्याच शेडमध्ये, असंही चालतं. मग हे कागद घेऊन सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमकडे जा आणि विचारा की हे ठिकाण तुमच्या माहितीत आहे का.

तपासा: फोटो काढू देत नाहीत? 'ओरिजिनल सीएकडे आहे' म्हणतात? तिथून सरळ घरी या. पुढचे टप्पे त्यांच्यासाठी नाहीत.

टप्पा ३: न सांगता जा, आणि ऑफिसच्या पुढे जा

सांगून गेलात तर धुतलेल्या चादरी बघून याल. एकदा दुपारी आणि एकदा अंधार पडल्यावर, असं दोनदा जा, आणि सोबत घरातली एखादी बाई न्या, माझा अनुभव आहे की आई किंवा मावशी जे बघते ते बापाच्या नजरेतून सुटतं.

बघायचं काय? संडासाला आतून कडी आहे का. झोपायच्या खोलीला बाहेरून कुलूप आहे का आणि असेल तर आग लागली तर किल्ली कोणाकडे. पोरं आणि मोठी माणसं एकाच हॉलमध्ये झोपतात का, कायदा अल्पवयीनांना मोठ्यांपासून वेगळं ठेवायला सांगतो आणि लैंगिक छळाचे बरेचसे प्रकार रात्री याच एकत्र झोपण्यातून होतात. रात्री ड्युटीवर कोण असतं, त्याचं शिक्षण काय. बऱ्याच ठिकाणी जुनाच पेशंट 'वॉर्डन' किंवा 'सेवक' करून टाकतात, त्याला पगार नाही, ट्रेनिंग नाही, हातात काठी आणि बाकीच्यांवर सत्ता. तो वाईटच असतो असं मी म्हणत नाही, पण त्याच्यावर नजर ठेवणारं कोणी नसेल तर ती जागा धोक्याची आहे.

पोरांची डोकी बघा. सगळ्यांचं टक्कल केलेलं असेल तर विचारा का. जबरदस्तीने मुंडण करायला कायद्यात बंदी आहे, स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे, आणि जबरदस्तीने काम करून घ्यायलाही बंदी आहे. पोरं केंद्रवाल्याच्या शेतात केळीचे घड उचलतायत आणि त्याला 'श्रमसंस्कार' नाव दिलंय, तर ती फुकटची मजुरी आहे.

हे तीन प्रश्न तोंडावर विचारा आणि उत्तर काय येतं त्यापेक्षा कसं येतं ते बघा:

१. पोराने ऐकलं नाही तर तुम्ही काय करता?
२. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून कुठल्या वारी येतात, मी त्यांच्याशी आज फोनवर बोलू शकतो का?
३. मी कधीही न सांगता भेटायला आलो तर?

पहिल्या प्रश्नाला 'थोडं टाईट करावं लागतं दादा, तुम्हाला माहितीच आहे' असं हसून उत्तर आलं तर समजून जा. कायदा असा आहे: साखळीने बांधायला पूर्ण बंदी, एकट्याला खोलीत कोंडून ठेवायला बंदी, आणि हातपाय धरून ठेवणं किंवा बांधणं हे फक्त त्या क्षणी कोणाच्या जिवाला धोका असेल आणि दुसरा उपायच नसेल तेव्हा, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीने, गरजेपुरतंच. शिक्षा म्हणून कधीच नाही, आणि स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही.

टप्पा ४: दाखल करायच्या दिवशी

आधी घरची तयारी. पोराचं वजन लिहा, अंगावर आधीपासून असलेल्या जखमा, डाग यांचे फोटो काढा तारखेसकट, म्हणजे उद्या कोणी म्हणणार नाही की हे घरूनच आणलं होतं. चालू औषधांची यादी दोन प्रतींत. आणि पोराशी एक खूण ठरवा. साधी ठेवा, म्हणजे फोनवर पोराने भरीत खायची गोष्ट काढली की आईने समजायचं, ताबडतोब ये. ही खूण केंद्रवाल्याला कळता कामा नये आणि घरातसुद्धा दोघांपलीकडे सांगू नका.

पोराला खोटं बोलून नेऊ नका. 'शिर्डीला चाललोय' म्हणून गाडीत बसवलं आणि केंद्राच्या दारात उतरवलं की तो पुढे तुमच्यावर विश्वास ठेवून आतलं काही सांगणार आहे का?

आता सही. कोऱ्या कागदावर नाही. स्टॅम्प पेपरवर 'काही झाल्यास केंद्र जबाबदार राहणार नाही' असं लिहून घेतात, त्या ओळीवर काट मारा, नाही मारू दिली तर परत फिरा, आणि आधीच सही करून बसला असाल तरी घाबरू नका, अशा कागदाने मारहाणीचा गुन्हा माफ होत नाही. पैसे एकदम तीन-सहा महिन्यांचे भरू नका, महिन्याचे भरा आणि पावती घ्या. आगाऊ भरलेल्या पैशापायीच बरेच बाप पोराला बाहेर काढायला मागेपुढे बघतात.

आणि आता मुख्य गोष्ट, जी कोणालाच माहीत नसते. कलम ८७ प्रमाणे अल्पवयीन पोरासोबत पालक किंवा पालकाने नेमलेला माणूस पूर्ण मुदत तिथेच राहिला पाहिजे. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबत बाई पाहिजे. म्हणजे 'पहिले २१ दिवस भेट नाही, फोन नाही, हा आमचा नियम' असं जे सर्रास सांगतात तो नियम कायद्याच्या विरुद्धच आहे. पोराला भेटायचा, फोन करायचा हक्क कायद्यात वेगळा लिहिलेला आहे. तसंच भरती झाल्यापासून ७२ तासांत केंद्राने मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला, म्हणजे या कायद्याखाली अशा भरतीवर नजर ठेवणाऱ्या मंडळाला, कळवायचं असतं. तुम्ही चौथ्या दिवशी विचारा, कळवलं का, त्याची प्रत दाखवा. ३० दिवसांच्या पुढे ठेवलं तर मंडळाला परत कळवावं लागतं आणि मंडळाने स्वतः तपासायचं असतं.

सोबत राहणं शक्यच नाही, हातावर पोट आहे, असं बरेच जण म्हणतात आणि ते खोटं नाही. मग आजोबा, मामा, घरातलं कोणीतरी पाळीपाळीने. तेही जमत नसेल तर त्या पोराला खाजगी केंद्रात ठेवू नका, सरकारी मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात विचारा, तिथे जवळ राहता येतं आणि घराच्या जवळ पडतं. लांबचं केंद्र चांगलं हा एक समज आहे आपल्याकडे, सुरत, इंदूर, पुणे. लांब म्हणजे तुमची चक्कर कमी, आणि चक्कर कमी म्हणजे आत काय चाललंय ते कळायला उशीर.

टप्पा ५: आत असताना काय बघायचं

केंद्रवाला पहिल्याच दिवशी तुमच्या कानात एक वाक्य घालून ठेवतो: 'तो फोनवर रडेल, मारतात म्हणेल, विश्वास ठेवू नका, नशेडी पोरं अशीच नाटकं करतात.' हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. पोरं खोटं बोलतात का, हो, काही बोलतात, घरी यायचं असतं म्हणून बोलतात. पण या एका वाक्याने तुमच्या पोराची तक्रार त्याने तोंड उघडायच्या आधीच खोटी ठरवून ठेवली जाते. अमेरिकेत असल्या खाजगी निवासी केंद्रांचा फार मोठा धंदा आहे, तिथे जून २०२४ मध्ये सिनेटच्या वित्त समितीने त्यावर अहवाल काढला, पॅरिस हिल्टनसारखी मोठी झालेली माणसं साक्ष द्यायला उभी राहिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये संस्थांमधल्या पोरांच्या छळाबाबत कायदा झाला. त्या लोकांनी सांगितलेलं वाचलं तर अंगावर काटा येतो, कारण रात्री उचलून नेणं, फोनवर शेजारी माणूस बसवणं आणि आईबापाला 'तो खोटं बोलेल' सांगून ठेवणं, सगळं जसंच्या तसं इकडेही आहे.

म्हणून पोरगं खरं बोलतंय का या वादात पडूच नका. तपासता येईल ते तपासा.

भेटीला गेलात की स्टाफला बाहेर जायला सांगा. नम्रपणे पण ठाम. यावलकडच्या एका माऊलीने सांगितलेली गोष्ट आहे, मे महिना, उन्हाने जीव चाललेला, आणि पोरगं फुल बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटण लावून बसलेलं, दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून, शेजारी ऑफिसमधला माणूस मोबाईल चाळत. तिने विचारलं कसा शेस रे, तो म्हणाला बरं शे, परत विचारलं, परत बरं शे, तेवढंच, आणि म्हणताना आईकडे नाही तर त्या माणसाच्या बुटांकडे बघत होता. तिने डब्यातला लाडू त्याच्या हातात द्यायच्या निमित्ताने बाही वर सरकवली. मनगटाभोवती दोरीचा काळानिळा पट्टा होता. ती तिथे काही बोलली नाही, लाडू भरवला, बाहेर आली आणि पुढची पावलं टाकली. तिने जे केलं तेच करायचं.

या गोष्टी एकत्र दिसायला लागल्या की शंका धरा: वजन झपाट्याने उतरणं, सारखी झोपाळू किंवा जड जीभ, ठरलेली भेट ऐनवेळी रद्द करणं, फोन कायम स्पीकरवर, तुम्ही दिलेले कपडे-पैसे गायब, हात उचलला की पोराचं दचकणं, मराठीत साचेबद्ध वाक्यं बोलणं जेव्हा घरी ते अहिराणीत बोलतं. बसताना, चालताना त्रास होत असेल, एखाद्या माणसाचं नाव निघालं की गप्प होत असेल तर लैंगिक छळाचा विचार मनात आणा, मुलगा असला तरी. मुलगा आहे म्हणून तसलं काही होत नसेल हा मोठा गैरसमज आहे, पोक्सो, म्हणजे १८ वर्षांखालच्या पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, मुलामुलींना सारखाच लागू आहे.

प्रत्येक भेट आणि फोननंतर वहीत तारीख, वेळ, कोण शेजारी होतं, पोराने नेमके कुठले शब्द वापरले हे लिहा. फोन रेकॉर्ड होत असेल तर मूळ फाईल जपून ठेवा, व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

टप्पा ६: शंका आली, आता बाहेर काढायचं

इथे क्रम चुकला की सगळं चुकतं.

पहिलं, भांडू नका. फोन करू नका, गुगलवर रिव्ह्यू टाकू नका, फेसबुकवर लिहू नका, पोरगं हातात येईपर्यंत काहीच नाही.

दुसरं, जाताना दोन मोठी माणसं, पोराचा जन्मदाखला किंवा आधार, तुमचं आधार, भरती करतानाचे कागद आणि एक लिहिलेला अर्ज न्या. अर्ज दोन ओळींचा: मी अमुकचा पालक, मला त्याची भरती पुढे चालू ठेवायची नाही, आज आत्ता डिस्चार्ज द्यावा. कारण लिहू नका, 'घरात कार्य आहे' असल्या थापाही नकोत. पालकाने डिस्चार्ज मागितला की अल्पवयीन पोराला सोडावंच लागतं, हे कलम ८७ मध्ये आहे. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या, देत नसतील तर अर्ज देतानाचा व्हिडीओ करा.

तिसरं, 'बाकी पैसे भरा मग सोडतो' म्हणाले तर तिथेच उभं राहून ११२ लावा. पैशासाठी पोराला अडकवून ठेवता येत नाही. १०९८ ही बालकांची हेल्पलाईन आहे, तिथेही नोंदवा.

चौथं, पोलीस आले नाहीत किंवा आले आणि 'आपसात मिटवा' म्हणाले, तर डांबून ठेवलेल्या माणसाचा शोध घेण्यासाठी प्रांताकडे म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात म्हणजे बीएनएसएसमध्ये, कलम १०० खाली. शेवटचा उपाय हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टासमोर हजर करा असा अर्ज, आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, नंबर १५१००, बाई किंवा बालक असेल तर उत्पन्न न बघता वकील मिळतो.

तपासा: निघताना डिस्चार्ज पेपर, दिलेल्या औषधांचा चार्ट आणि केसपेपरची प्रत मागा, हा तुमचा हक्क आहे. देत नसतील तर अडून बसू नका. पोरगं गाडीत बसलं की निघा, कागद नंतर मागता येतात.

टप्पा ७: पहिला दिवस

घरी नाही, आधी सरकारी दवाखान्यात. आई म्हणते आधी आंघोळ घालू, पोटभर खाऊ घालू, जीव तुटतो हो, पण लैंगिक छळाची शंका असेल तर आंघोळ आणि कपडे बदलणं तपासणीनंतर. अंगावरचे कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नाही, ओल धरते. उशीर झाला असेल, चार-आठ दिवस उलटले असतील तरी जा.

डॉक्टरला सांगा एमएलसी करा, म्हणजे पोलीस केस म्हणून जखमांची नोंद करा, आणि कशाने लागलं ते पोराच्या शब्दांत लिहायला सांगा. पोक्सोच्या प्रकरणात एफआयआर झालेला नसला तरी तपासणी करता येते, मुलीची तपासणी बाई डॉक्टरनेच करायची, आणि आईबाप किंवा पोराचा विश्वास असलेलं माणूस तिथे थांबू शकतं. उपचाराला पैसे लागत नाहीत. फोटो त्या दिवशी काढा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत काढा, मार कधीकधी नंतर उमटतो. आत काय गोळ्या देत होते ते माहीत नसेल तर तेही डॉक्टरला आवर्जून सांगा, एकदम तुटल्या तर त्रास होऊ शकतो.

पोराला खोदून खोदून विचारू नका. दहा नातेवाईकांनी दहा वेळा विचारलं की प्रत्येक वेळी थोडं वेगळं निघतं आणि कोर्टात तेच समोरच्या वकिलाच्या कामाला येतं. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पोरगं त्यातून परत परत जातं. एकाने ऐका. 'मग तू ओरडला का नाहीस' हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही, आजीनेसुद्धा. माझा तुझ्यावर विश्वास आहे आणि तुला परत तिथे पाठवणार नाही, ही दोन वाक्यं मात्र लगेच सांगा.

टप्पा ८: तक्रार

लैंगिक प्रकार असेल तर पोक्सो २०१२ खाली कळवणं हा पर्याय नाही, कायद्याने बंधन आहे, ज्याला माहीत आहे त्या प्रत्येकावर. केंद्राच्या प्रमुखाने दाबून ठेवलं तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणं असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७५ सांगा, पोरांना सांभाळायची जबाबदारी असलेल्या संस्थेतल्या माणसाने क्रूरता केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. ठाण्यात फक्त 'मारामारी' म्हणून एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेऊन वाटेला लावतात, म्हणून कलमाचं नाव तुम्हीच अर्जात लिहा.

केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात किंवा गुजरात-मध्य प्रदेशात असेल तरी आपल्या जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर होतो, 'आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर चालत नाही. प्रत फुकट मिळते. घेतच नसतील तर एसपींना लेखी अर्ज, रजिस्टर पोस्टाने.

जबाबाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पोक्सोमध्ये जबाब पोराच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, पोलीस वर्दीत नकोत, शक्यतो बाई अधिकारी, आणि रात्री पोराला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. मूल जसं बोलेल तसंच लिहायचं. अहिराणीत बोललं तर अहिराणीत, आणि धडगाव-तळोद्याकडचं भिली, पावरी बोलणारं पोरगं असेल तर दुभाषी मागा. जबाब वाचून दाखवायला सांगा, आणि त्यात 'सदर इसमाने' वगैरे पोलिसी मराठी पोराच्या तोंडी घातली असेल तर बदलायला लावा.

पोलिसांसोबतच, नंतर नाही, आणखी दोन ठिकाणी अर्ज द्या: जिल्ह्याची बाल कल्याण समिती, म्हणजे बाल न्याय कायद्याखाली पोरांच्या संरक्षणाचं बघणारी समिती, आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ. मंडळाचा पत्ता सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मिळतो. समितीचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या ऑफिसात. अर्ज एका पानाचा करा: पोराचं वय, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, काय झालं ते तारीखवार, कोणी केलं, आत अजून कोण बघत होतं, सोबत एमएलसी आणि पावत्यांच्या झेरॉक्स. 'आमच्या आयुष्याची राखरांगोळी झाली' हे खरं असलं तरी त्या पानावर नको, तारखा पाहिजेत.

सावधान: आता तडजोडीची माणसं यायला लागतील. ओळखीचा पुढारी, भाऊबंद, पैसे परत देतो म्हणणारा केंद्रवाला. मुलगी असेल तर 'उद्या लग्न कसं होईल' म्हणतील. पोक्सोचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, आणि तुमच्या पोराचं नाव, गाव, शाळा, फोटो कुठेही छापायला किंवा टाकायला कायद्याने मनाई आहे. तुम्हीही गावाच्या ग्रुपवर टाकू नका, चिडून टाकावंसं वाटलं तरीही.

टप्पा ९: मूळ त्रास अजून तसाच आहे

हे सगळ्यात जास्त राहून जातं. केस चालू होते, सगळे त्यात गुंततात, आणि ज्यासाठी पोराला आत टाकलं होतं ती गोळी किंवा ती दारू परत सुरू होते, आता वर भीती आणि झोप न लागणंही आलं. पहिल्या आठवड्यातच मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत परत नाव काढा आणि डॉक्टरला आतलं सगळं सांगा. पोरगं म्हणेल मी कुठल्याच डॉक्टरकडे येणार नाही. जबरदस्ती नको, आधी टेलिमानसवर घरातूनच बोलू द्या, दार उघडं ठेवून झोपायचं म्हणालं तर झोपू द्या, आणि 'परत केंद्रात टाकीन' ही धमकी घरात कोणीही, रागातसुद्धा, द्यायची नाही.

आणि आत राहिलेली बाकीची पोरं. तुमच्या पोराला त्यांची नावं माहीत असतात, कोण कुठल्या गावचं, कोणाला जास्त मारतात, कोणाला भेटायला कधीच कोणी येत नाही. ते हळूहळू, त्याच्या कलाने विचारून लिहून घ्या आणि ती यादी बाल कल्याण समितीच्या अर्जाला जोडा, वर ठळक लिहा की ही पोरं अजून आत आहेत. समितीला आणि पोलिसांना तिथे जाऊन बघायला मग ठोस कारण मिळतं. त्यातल्या एखाद्या पोराचे आईबाप ओळखीचे निघाले तर त्यांच्या घरी स्वतः जा, फोनवर सांगू नका, आणि हा सहावा टप्पा त्यांना वाचून दाखवा, म्हणजे ते तिथूनच केंद्राला फोन लावणार नाहीत.